मनकर्णाबाईंचे अकरा फोन

नगरच्या एका सरकारी कचेरीत मी लिपिक आहे. बैठकांची इतिवृत्तं लिहिणं हे माझं मुख्य काम. कोण काय बोललं ते ऐकायचं आणि कुणालाही लागणार नाही अशा भाषेत उतरवायचं. बावीस वर्षं हे केल्यावर हात असा तयार होतो, की समोर कुणी टाहो फोडला तरी तो 'चिंता व्यक्त करण्यात आली' एवढंच लिहितो. मनकर्णा फुंदे या बाईंबद्दल मी लिहितोय ते त्या हाताची लाज वाटते म्हणून. आणि अजून राग येतो म्हणून.

मनकर्णाबाई पाथर्डी तालुक्यातल्या, खरवंडीच्या पुढच्या एका वाडीतल्या. वय पन्नाशीच्या आत. शिक्षण चौथी. चौदाव्या वर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्या, लग्नानंतर नवऱ्याबरोबर, अजिनाथरावांबरोबर. दिवाळी झाली की घराला कुलूप, ट्रकमध्ये भांडी, शेळी, पोरं. उन्हाळा तापायला लागला की परत. थोरली मुलगी आरती कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मली. पाचव्या दिवशी बाई हातात कोयता घेऊन उसाच्या फडात उभ्या होत्या. हे सांगताना त्यांना कौतुक नको असतं. त्या चिडून सांगतात.

"कुनी इचारलं न्हाई, की बाई, तुला उभं ऱ्हाता येतंय का? मुकादमानं न्हाई, कारखान्यानं न्हाई, सरकारनं न्हाई. शेळी व्याली तर तिला चार दिस सावलीला बांधत्यात लोक."

टोळीत त्यांना भांडखोर म्हणायचे. तळावर पाण्याचा टँकर आला नाही की कारखान्याच्या शेतकी कचेरीत जाऊन उभी राहणारी बाई हीच. पण बाळंतपण असो, ताप असो, हातावर कोयता बसलेला असो, बायका आधी त्यांच्याच कोपीकडे धावायच्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे 'एकत्र येऊ' हे अभियान सुरू झालं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यासाठी चार जण एकत्र येणार होते. शासन, श्रीगोंद्याकडचा एक साखर कारखाना, एका मोठ्या कंपनीचं फाउंडेशन आणि पुण्याची एक सामाजिक संस्था. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. एकट्या सरकारला तळापर्यंत पोहोचता येत नाही, कारखान्याला औषधातलं कळत नाही, कंपनीकडे साधनं आहेत पण माणसं नाहीत, संस्थेकडे माणसं आहेत पण साधनं नाहीत. म्हणून कंपनीनं गाडी दिली. आत खाट, ऑक्सिजनची नळकांडी, सगळं. ती गाडी उभी करायला जागा आणि डिझेल कारखान्याचं. ड्रायव्हर आणि समन्वयक संस्थेचे. नर्स आणि औषधं सरकारची. चौदा पानांचा करार मी स्वतः टाइप केला. त्यात 'समन्वय' हा शब्द एकोणीस वेळा आला होता. गाडीची किल्ली कुणाकडे राहील हे एकदाही नव्हतं. टाइप करताना माझ्याही लक्षात आलं नाही.

प्रत्येक तळावरची एक बाई आरोग्यसखी म्हणून निवडायची होती. मनकर्णाबाईंच्या टोळीच्या तळासाठी दुसरं नाव पुढं आलंच नाही. मनकर्णाबाई तीन दिवस नगरला प्रशिक्षणाला आल्या. पहिल्या बाकावर बसायच्या. रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांनी एवढ्या वेळा स्वतःच्या दंडाला लावलं, की शिकवणाऱ्या डॉक्टरबाई हसायला लागल्या. पोटुशी बाईच्या धोक्याच्या खुणा त्यांनी पाठ केल्या. अंगावरून लाल जाणं, पोट दगडासारखं होणं, डोळ्यांपुढे अंधारी. शेवटच्या दिवशी त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "म्याडम, खूण वळकली, मंग पुढं?"

"मग लगेच गाडी बोलवायची. आपली गाडी आहे ना आता."

गाडीला झेंडा दाखवायचा कार्यक्रम कारखान्याच्या मैदानावर झाला. चौघांची चार बोधचिन्हं गाडीवर रंगवलेली. मनकर्णाबाईंना जांभळी साडी आणि पिशवी मिळाली. त्या दिवशी त्या खूश होत्या. मला म्हणाल्या, "सायेब, आमच्या वक्ताला असं कायी असतं तर." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले. तळापासून चारेक किलोमीटरवर फड चालू होता. त्याच टोळीतला गोरक्ष आणि त्याची बायको रेश्मा मोळ्या बांधत होते. रेश्मा वीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. तिला मनकर्णाबाईंनी दोनदा तळावरच थांबायला सांगितलं होतं. मुकादम म्हणाला होता, मोळी तरी बांधू दे, बसून काय करणार. रेश्मा मोळी उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. गोरक्षनं हाक मारली. मनकर्णाबाई धावत आल्या, तेव्हा तिच्या पायाखालचं पाचट लाल झालं होतं. त्यांनी पोटावर हात ठेवला. दगड.

दोन वाजून बारा मिनिटांनी त्यांनी पहिला फोन केला. गाडीच्या नंबरवर. फोन बंद.

दुसरा सरकारी रुग्णवाहिकेला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन नगरच्या वाटेवर होती. दुसरी पाठवतो, पण वेळ लागेल, असं त्यांनी खरं सांगितलं.

तिसरा दिशाला. दिशा ही संस्थेची समन्वयक, पंचवीस-सव्वीस वर्षांची, पुण्याची मुलगी. कामाला चांगली, तळावर खाली बसून जेवणारी. ती तेव्हा नेवाशाला दुसऱ्या शिबिरात होती.

"काकू, घाबरू नका. मी कारखान्यात फोन करते. गाडी निघतेय, तुम्ही तिथेच थांबा."

या वाक्यानं घात केला. रस्त्यावरून तेवढ्यात दुधाचा एक टेम्पो जात होता. गोरक्षनं त्याला हातही केला होता. मनकर्णाबाईंनी गोरक्षला परत बोलावलं. "ऱ्हाऊ दे रं, आपली गाडी येतीय. त्यात आडवं झोपवता येतं, नर्स असती." टेम्पो निघून गेला.

दिशानं कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला, "पाठवतो." आणि त्याला वाटलं, आपण पाठवली. त्यानं फाटकावरच्या पहारेकऱ्याला निरोप दिला. गाडी तिथेच होती, शेडमध्ये, कापडी आच्छादन घालून. पण ड्रायव्हर नव्हता. संस्थेबरोबरचा त्याचा करार एकतीस डिसेंबरला संपला होता, आणि फाउंडेशनचं मुदतवाढीचं पत्र आलं नव्हतं, म्हणून तो घरी गेला होता. दिशाला हे कुणी कळवलंच नव्हतं. गाडीची किल्ली त्यानं भांडारात जमा केली होती.

वीस मिनिटं वाट पाहून मनकर्णाबाईंनी चौथा फोन केला. मग पाचवा. भांडारपाल म्हणाला, किल्ली माझ्याकडे आहे, पण गाडी आमच्या मालकीची नाही. संस्थेचं पत्र दाखवा. तळासाठी नेमलेल्या सरकारी नर्सबाई म्हणाल्या, माझा आदेश फक्त मंगळवार आणि शुक्रवारचा आहे, आज गुरुवार. मी आले असते, पण मला आणणार कोण? दिशानं मुंबईला फाउंडेशनच्या माणसाला गाठलं. तो बैठकीत होता. बाहेर येऊन म्हणाला, 'ड्रायव्हरचा विषय संस्थेचा आहे, आमच्याकडून काही अडलेलं नाही.'

अकरावा फोन तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी झाला. दिशाच रडत होती. "काकू, गाडी नाही येणार. मला माफ करा. मिळेल त्यातून न्या."

सरकारची दुसरी रुग्णवाहिकाही अजून आली नव्हती. मिळेल ते म्हणजे उसाच्या फेरीला चाललेला ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं रिकाम्या ट्रॉलीत पाचट अंथरलं. अठरा किलोमीटर. मनकर्णाबाईंनी रेश्माचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि दर खड्ड्याला त्या पोरीचे दात वाजत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. रेश्मा वाचली. मुलगा मेलेलाच जन्मला. जवळजवळ पूर्ण वाढलेला, डोक्यावर दाट केस. डॉक्टर तरुण होते, त्यांनी हातमोजे काढले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तासभर आधी यायला हवं होतं."

मनकर्णाबाई मला नंतर म्हणाल्या, "त्या डागदरावर मी वरडले न्हाई. त्यो खरं बोलला. पन तासभर मी काय करत हुते सायेब? तासभर मी फोन करत हुते. टेम्पो मी माघारी लावला. माझ्या हातानं लावला."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अभियानाची आढावा बैठक झाली. सभागृहात पडद्यावर चित्रं. किती तळ, किती तपासण्या, किती लाभार्थी. रेश्मा त्या आकड्यात होती. तिची डिसेंबरात तपासणी झाली होती. शेवटी 'यशोगाथा' म्हणून एका आरोग्यसखीचं मनोगत ठेवलं होतं. नाव दिशानं सुचवलं होतं. बाई काय बोलणार आहेत ते तिनं वरच्यांना सांगितलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी मी त्या मुलीला मानतो.

मनकर्णाबाई जांभळी साडी नेसून आल्या. माईकपुढे उभ्या राहिल्या आणि पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यावर फोनांच्या वेळा होत्या. दोन वाजून बारा, अमुक. दोन वाजून पंधरा, तमुक. त्या वाचत गेल्या. कोण काय म्हणालं तेही. आवाज चढला नव्हता. चौथ्या-पाचव्या फोनाला अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी हात वर केला.

"ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण ही तक्रारीची जागा नाही. इथे आपण सगळे भागीदार आहोत."

"सहा ऱ्हायल्यात सायेब," बाई म्हणाल्या. "लेकरू मेलंय. सहा आयका."

सगळे ऐकत बसले. वाचून झालं. मग कारखान्याचे अधिकारी उठले आणि म्हणाले, गाडीचं चालन आमच्या जबाबदारीत येत नाही, करार बघा. संस्थेचे संचालक म्हणाले, निधीची मुदतवाढ वेळेत आली असती तर. फाउंडेशनच्या माणसानं सांगितलं, आमचं पत्र प्रक्रियेत होतं. आमचे साहेब म्हणाले, नर्सच्या आदेशाचं पुनरावलोकन करू. चौघंही खरं बोलत होते. करारात प्रत्येकाचं बरोबर होतं. मी तो टाइप केला होता, मला माहीत होतं.

आता बाई ओरडल्या.

"एका मानसानं केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती! तुमी चौघांनी वाटून घेतलं. ह्याच्या वाट्याला चतकोर, त्याच्या वाट्याला चतकोर. आता मी कुनाला धरू? त्या पोरीनं कुनाचं नाव घेऊन रडायचं? आधी आमचं कुनीच नव्हतं, तवा आमाला ठावं तरी हुतं की कुनी न्हाई. दिसल त्या गाडीला हात करत हुतो. तुमी चौघं आला आन् आमाला वाट बघायला शिकीवलं!"

दिशा मागच्या रांगेतून उठली. "त्या म्हणतात ते सगळं खरं आहे. गाडी निघतेय असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. संचालकांनी तिला खाली बसायची खूण केली. ती बसली नाही.

बैठकीनंतर चहा झाला. बिस्किटं होती.

आठ दिवसांनी मनकर्णाबाई श्रीगोंद्याहून एसटीनं माझ्या कचेरीत आल्या. म्हणाल्या, "मी बोलले ते कुटं लिवलंय, दावा." इतिवृत्त मागायचा त्यांना हक्क होता. मी दिलं. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं. तिथं होतं, 'सौ. मनकर्णा फुंदे यांनी क्षेत्रीय पातळीवरील समन्वयाबाबत काही सूचना मांडल्या. त्यांची नोंद घेण्यात आली.'

"ह्यात रेश्मा कुटं हाय?"

मी फाइल मिटायला घेतली.

"तुमी तितंच बसला हुता की. माझ्या म्होरंच. लिवत हुता. मला वाटलं, हा मानूस तरी लिवतोय." त्यांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ करून, जणू तो फाटेल. "म्हंजी तुमी पाचवं."

एवढंच बोलून त्या जिना उतरून गेल्या. मी त्यांच्यामागे धावलो नाही. पण दुपारी त्यांचं वहीचं पान मागवून घेतलं, दिशानं मोबाईलवर फोटो पाठवला. तो छापून 'परिशिष्ट अ' म्हणून इतिवृत्ताला जोडला. मूळ वाक्य काढलं आणि त्या जे बोलल्या ते, आठवलं तसं, लिहिलं. खाली सही केली. साहेबांच्या मंजुरीआधीच प्रती चारही कचेऱ्यांना रवाना केल्या. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर दिलं. यात शौर्य काही नाही. हे आठ दिवस आधी करायला हवं होतं, बैठकीच्याच दिवशी.

पण खरं सांगायचं तर माझ्या परिशिष्टानं काहीच हललं नाही. हललं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बाई कचेरीतून परत गेल्या आणि तळावरच्या बायकांना म्हणाल्या, उद्या सकाळी तोडीला जायचं नाही. मुकादमांनी आरडाओरडा केला. अजिनाथरावांनीही समजावलं. ते शांत स्वभावाचे. बाई त्यांना म्हणाल्या, "तुमी घरी ऱ्हावा. भाकरी करा."

सकाळी सात वाजता सत्तरएक बायका कारखान्याच्या वजनकाट्यापुढे बसल्या. कोयते मांडीवर. घोषणा नाहीत, फलक नाही. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग नऊ वाजता मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ऊस वाळला की साखरेचा उतारा घटतो, हे कारखान्याला चौदा पानांच्या करारापेक्षा लवकर कळतं. पोलीस आले, बायका हलल्या नाहीत. साडेदहाला तेच कामगार कल्याण अधिकारी आले.

"तुमची मागणी काय आहे?"

"गाडीची किल्ली फाटकावर, खिळ्याला. कारखान्याचे इतके डायवर हायेत, त्यातला एक रोज नेमून द्यायचा. आन् एका मानसाचं नाव."

"म्हणजे?"

"भित्तीवर रंगवायचं. गाडी आली न्हाई तर कुनाला धरायचं, त्याचं नाव. कमिटीचं न्हाई. मानसाचं."

तासाभरात किल्ली खिळ्याला आली, ड्रायव्हरही नेमला गेला. दीड महिना पत्रव्यवहारात अडकलेलं काम. नाव रंगवायला मात्र कुणी तयार होईना. प्रत्येक जण दुसऱ्याचं सुचवत होता. शेवटी पहारेकऱ्यानं, कानिफनाथ नावाच्या पन्नाशीच्या माणसानं, पुढं येऊन सांगितलं, "माझं लिवा. मी चोवीस तास हितंच असतो." इतके अधिकारी, आणि भिंतीवर नाव चढलं पहारेकऱ्याचं. बायकांनी ते मान्य केलं, कारण तो निदान फोन उचलणार होता. त्यानं उचललेही. हंगाम संपेपर्यंत गाडीनं एकोणतीस फेऱ्या केल्या. दोन बाळंतपणं रुग्णालयात झाली, दोन्ही सुखरूप.

मे महिन्यात फाउंडेशनचा वार्षिक अहवाल निघाला. त्यात गाडीचा फोटो, भिंतीवरच्या नावाचाही फोटो. खाली मजकूर होता, 'भागीदारीतून उभारलेलं उत्तरदायित्वाचं अभिनव प्रारूप'. वजनकाट्याचा उल्लेख नाही. रेश्माचा नाही. कानिफनाथला त्या वर्षी बढती मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढल्या हंगामासाठी करार पुन्हा झाला, पुन्हा मीच टाइप केला. या खेपेला किल्लीचं कलम मी स्वतः घातलं आणि कुणी काढलं नाही. आरोग्यसखींच्या यादीत मात्र मनकर्णाबाईंचं नाव नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'संघभावनेचा अभाव'. दिशानं संस्था सोडली. आणि रेश्मा-गोरक्ष त्या वर्षी कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेले. तिथं असलं अभियान नाही. गाडी नाही. मुकादमानं नेलं तिकडं गेले, त्यांना कोण विचारतं.

मनकर्णाबाई गेल्या वर्षी तोडीला गेल्या नाहीत, गुडघे गेलेत. वाडीजवळच्या उपकेंद्रात सत्यशीला नावाच्या नर्सबाई आहेत. दोघींनी आपसात एक काम ठरवलंय. टोळ्या निघायच्या आधी बाई घरोघर फिरतात. कोण पोटुशी, कितवा महिना, कुठल्या कारखान्यावर चाललीय, मुकादम कोण, फोन कुणाचा. वहीत लिहून घेतात. सत्यशीलाबाई त्या त्या भागातल्या नर्सचा नंबर शोधतात आणि स्वतः फोन करून सांगतात, ही बाई तुमच्याकडे येतेय, तिला बघा. कुठलाही करार नाही. मागच्या वर्षी त्रेचाळीस नावं होती. पहिलं नाव रेश्माचं, कारण तिला पुन्हा दिवस गेले होते. विजापूरकडची एक नर्स, जिला मराठी धड येत नाही, ती दर पंधरवड्याला सत्यशीलाबाईंना फोन करायची. रेश्माला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

यंदा टोळ्या निघाल्या तेव्हा मी रजा काढून वाडीला गेलो होतो. सकाळचं ऊन चढत होतं. ट्रक भरलेला, वर बायका-पोरं, खाली काकासाहेब मुकादम घड्याळ बघत. मनकर्णाबाई मागच्या फळीला धरून वहीत लिहीत होत्या. वरून एक पोरगी तिचा महिना सांगत होती आणि लाजत होती.

"आवं आक्का, बास करा की," काकासाहेब म्हणाले. "कारखान्यावर पोचायचंय. डॉक्टर-बिक्टर समदं असतंय तितं. शासन हाय, कारखाना हाय, कंपन्या हायेत, समदे हायेत आता."

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं. एवढा संताप मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

"समदे हायेत म्हनूनच लिवतीय," त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर सांगा. आन् तुमच्या बायकूचा बी सांगा. तुमी उचलत न्हाई."

काकासाहेबांनी दोन्ही नंबर सांगितले. ट्रक वीस मिनिटं उशिरा सुटला.